चाचांनी आधी मला काट्यावर उभं केलं

"ताई, वजन किती तुमचं?"

गाडी लावून हेल्मेट काढत होते, तेवढ्यात हा प्रश्न आला. मी ४९ सांगितलं. गॅरेजवाले चाचा म्हणाले, "घरातलं नको. गाडीवर बसता तेव्हाचं पाहिजे." ते मला सांगता येईना. मग शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांनी मला रेनकोट, गमबूट, हेल्मेट आणि खांद्यावरची बॅग यांच्यासकट उभं केलं. भरलं ५३ किलो ४०० ग्रॅम. गाडीमागची औषधांची पेटी आणि नायट्रोजनचा कॅन वेगळा तोलला, तो १८ किलो. दोन्ही आकडे खडूने गॅरेजच्या लोखंडी दारावर लिहिले आणि त्यानंतरच गाडीला हात लावला.

अकरा वर्षं मी दुचाकी चालवते. या काळात टपरीपासून मोठ्या सर्व्हिस सेंटरपर्यंत बऱ्याच ठिकाणी गाडी दाखवली, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. म्हणून या गॅरेजबद्दल सविस्तर लिहिते आहे.

गॅरेज संगमनेरात आहे. नाव देत नाही, कारण चाचांनीच तसं सांगितलं: ते आणि हाताखालचा एक पोरगा, आहेत तेवढ्याच गाड्या उरकत नाहीत. ते इंजिन उघडत नाहीत, वायरिंग बघत नाहीत. फक्त पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग आणि तेल असलेल्या दोन नळ्या) आणि मागचे शॉकअप, एवढंच काम.

मी पशुवैद्यक आहे. राहायला राजूरला, फिरती शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी. डांगी जनावरांचा हा मुलूख. पावसाळ्यात भंडारदरा धरणाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याचे काय हाल होतात ते तिकडे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गाडीवर मागे पत्र्याची पेटी आणि तिच्या शेजारी तीन लिटरचा क्रायोकॅन. त्यात उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या, कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या कांड्या. या कॅनची रचना लक्षात घ्या: आतलं भांडं बाहेरच्या भांड्यात फक्त मानेवर लटकलेलं असतं आणि दोन्हींच्या मधे निर्वात पोकळी असते. वारंवार दणके बसले की ताण येतो तो त्या मानेवर. मान गेली की पोकळी गेली, आणि नायट्रोजन बघता बघता उडून जातो. त्यामुळे मागचं चाक किती आपटतं हा प्रश्न माझ्या कंबरेपुरता नाही. गाभण राहायच्या आशेने बांधून ठेवलेल्या गाईपर्यंत तो जातो.

गाडी दीडशे सीसीची, सेकंडहँड. आधीचे मालक साखर कारखान्यात नोकरीला. देहाने भारी माणूस, आणि गाडीवर बहुतेक वेळा बायको-मुलासह. त्यांनी गाडी छान सांभाळली होती. तरी माझ्याकडे आल्यापासून स्पीडब्रेकरवर मागचं चाक मला सीटवरून उचलायचं. खडीवरच्या वळणात हँडल थरथरायचं. थांबले की दोन्ही पाय फक्त चवड्यांवर टेकायचे. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "हलक्या माणसाला गाडी उडवतेच." मी ते खरं मानलं. तीन पावसाळे खरं मानलं, याचं आज वाईट वाटतं.

चाचांनी पहिलं काम केलं ते हवा बघायचं. पेट्रोलपंपावरच्या पोराने मागे ३८ भरली होती. गाडीच्या स्टिकरवर एकट्यासाठी पुढे २५, मागे २८ पीएसआय लिहिलेलं. "चाकच दगड झालं तर शॉकअप काय करणार?" म्हणाले, आणि हवा उतरवली. हे फुकट होतं, आणि दणक्यातला बराचसा भाग इथेच गेला. ज्यांना कुठे जायचं नाही त्यांनी निदान एवढं घरी करावं.

मग मागचे शॉकअप. आपल्याकडच्या बऱ्याच रोजच्या मोटारसायकलींना मागे दोन शॉकअप असतात आणि प्रत्येकाच्या स्प्रिंगखाली, ती कमी-जास्त आवळण्यासाठी, पायऱ्या कापलेली एक फिरती रिंग असते. स्प्लेंडरला अशा पाच पायऱ्या आहेत, क्लासिक ३५० ला सहा. चिखल धुऊन काढला तर ती रिंग कुणालाही दिसेल. माझी रिंग चिखलाने इतकी लिंपली होती की तिथे काही फिरण्यासारखं आहे हेच मला माहीत नव्हतं. पोराने ब्रशने धुतली, तेव्हा उजवी पाचव्या पायरीवर आणि डावी चौथ्या पायरीवर निघाली. कधीतरी कुणीतरी एकच बाजू फिरवून सोडून दिली होती. दोन्ही बाजू नेहमी सारख्याच पायरीवर पाहिजेत, नाहीतर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला पीळ बसत राहतो. हे सांगताना चाचांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

इथून पुढचं मोजमाप मी मनापासून बघितलं, कारण जनावराची नाडी आणि ताप मोजूनच आम्ही पुढे जातो, आणि इथे कुणीतरी गाडीच्या बाबतीत तेच करत होतं.

गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सीटखाली मारलेल्या खुणेपर्यंत टेपने अंतर घेतलं: ५६२ मिलिमीटर. शॉकअप पूर्ण ताणलेला असताना हा आकडा येतो. मग गाडी खाली घेऊन नुसत्या तिच्या वजनावर मोजलं: ५६०. मग मी पूर्ण वेशात बसले, पाय फूटरेस्टवर, पोराने पुढून हँडल धरलं: ५४८. म्हणजे मी बसल्यावर गाडी एकूण १४ मिलिमीटर दबली. प्रत्येक माप त्यांनी दोनदा घेतलं. एकदा सीट दाबून हळूच वर येऊ दिली, एकदा वर उचलून हळूच खाली बसू दिली, आणि दोन्हींचा मध्य धरला. सील आणि बुशांच्या घर्षणामुळे दोन्ही वेळा आकडा थोडा वेगळा येतो. घाईत एकदाच मोजणाऱ्याचा इथेच घोटाळा होतो.

या गाडीच्या मागच्या चाकाची खालीवर व्हायची एकूण चाल १०५ मिलिमीटर. रस्त्यावरच्या गाडीत माणूस बसल्यावर त्यातली पाव ते तिसरा हिस्सा चाल वापरली गेली पाहिजे, असा सर्वसाधारण हिशोब आहे. म्हणजे माझ्यासाठी साधारण २६ ते ३५ मिलिमीटर. होतं १४.

आता हे दबणं हवं कशाला? मलाही वाटत होतं की गाडी जितकी कमी दबेल तितकी चांगली. चाचांनी हाताच्या दोन बोटांनी दाखवलं. चाक उंचवट्यावर चढतं तेव्हा शॉकअप दबतो, हे सगळ्यांना कळतं. पण खड्डा आला की चाकाला खाली उतरायचं असतं. शॉकअप आधीच पूर्ण ताणलेला असेल तर खाली उतरायला चाल शिल्लकच नाही. मग चाक जमीन सोडतं, गाडी हवेतून खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर जाऊन आदळते. मी तीन पावसाळे जे सोसत होते ते हेच. आणि चाक हवेत असताना ब्रेक दाबला तर काय होतं ते घाटघरच्या उतारावर मी एकदा अनुभवलं आहे.

दोन्ही बाजू पहिल्या पायरीवर आणल्या. त्यासाठी हुकासारख्या तोंडाचा एक पाना लागतो, पुष्कळ गाड्यांच्या टूलकिटमध्ये तो मिळतो. माझ्यातला हरवला होता. पुन्हा मोजलं: नुसती गाडी १७ मिलिमीटर दबली, मी बसल्यावर २९. पेटी आणि कॅन चढवल्यावर ३६. मग दुसऱ्या पायरीवर, सामानासकट, ३२ च्या आसपास. चाचांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: एकटी असाल तर १, पेटी-कॅन असेल तर २, मागे आई असेल तर ४. आईचं वजन त्यांनी आठवणीने विचारलं होतं. ६२.

माझा एक मोठा गैरसमज इथे दूर झाला. पायरी वाढवली की स्प्रिंग कडक होते असं आपण सरसकट म्हणतो. स्प्रिंग आहे तीच राहते. तिला एक मिलिमीटर दाबायला जितका जोर लागतो तितकाच लागतो. पायरीमुळे स्प्रिंग आधीपासून थोडी आवळलेली राहते, म्हणून गाडी कमी दबते आणि वर उभी राहते. बसल्यावर शॉकअप आपल्या चालीच्या कुठल्या भागात काम करणार, ते यातून ठरतं. आणि म्हणूनच नुसत्या गाडीचं दबणं वेगळं मोजायचं. माणूस बसल्यावरचा आकडा बरोबर येतो, पण गाडी एकटीच फार दबते, तर स्प्रिंग त्या माणसाला जास्त ताकदीची आहे. उलट माणूस बसल्यावरचा आकडा आणण्यासाठी स्प्रिंग इतकी आवळावी लागते की एकटी गाडी दबतच नाही, तर स्प्रिंग मऊ आहे. माझे १७ मिलिमीटर जरा जास्तच आहेत. चाचांनी ते लपवलं नाही. "तुमच्या वजनाला ही स्प्रिंग थोडी भारीच आहे. पण रोज १८ किलो मागे असतं ना, मग राहू द्या. उगाच पैसे घालू नका." समोर गिऱ्हाईक तयार बसलेलं असताना असं सांगणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

पुढच्या फोर्कचं काम जास्त वेळखाऊ होतं. माझ्या फोर्कला बाहेरून फिरवायचं काही नाही. मी बसल्यावर पुढचं टोक १२० पैकी फक्त २२ मिलिमीटर दबत होतं. फोर्क उघडले तर तेल काळं, पातळ, आणि वास मारणारं. दोन्ही नळ्यांतली पातळी १४ मिलिमीटरने वेगळी. मागच्या वर्षी एका ठिकाणी मी तेल बदलल्याचे पैसे दिले होते. तिथे दोन्हीकडे अंदाजाने ओतलं गेलं असणार. चाचा तेल मापाने ओतत नाहीत, पातळीने भरतात. स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण आत दाबलेली, आतली हवा निघेपर्यंत दहा-बारा वेळा खालीवर, मग वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने. कारण तेलाच्या वर जी हवा कोंडलेली राहते तीही शेवटी शेवटी स्प्रिंगसारखीच काम करते. तेल जास्त झालं तर हवा कमी उरते आणि फोर्क शेवटच्या चालीत लाकडासारखा होतो. एका नळीत एक, दुसऱ्या नळीत दुसरं, हे तर आणखी वाईट. नवीन तेल १०डब्ल्यू (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) घातलं, दोन्ही सील बदलले. स्प्रिंग आधीपासून कमी आवळलेली राहावी म्हणून तिच्यावर बसणारी नळकांडी शेजारच्या लेथवरून ८ मिलिमीटर आखूड नवीन करून आणली आणि मूळची कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "गाडी विकाल तेव्हा पुढच्या मालकाला लागेल." पुढचं दबणं ३० वर आलं.

पुढे आणि मागे दोन्हीकडे काम करायचं कारण त्यांनी सांगितलं ते असं: नुसतं मागचं टोक खाली आणलं तर गाडी मागे रेलते, हँडल वळायला जड होतं आणि हेडलाइटचा झोत वर चढून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे शेवटचं मी घरी तपासलं. आईला डबलसीट घेतलं आणि पायरी १ वरच ठेवली, तर झोत समोरच्या भिंतीवर चांगलाच वर सरकला. ४ वर आणल्यावर जागेवर आला.

एकूण खर्च १,६४० रुपये झाला. त्यात तेल, दोन सील, लेथचं काम, मजुरी आणि तो हुकाचा पाना आला. वेळ लागला साडेतीन तास. मधे एक चक्कर मारून यायला लावलं, परत आल्यावर सीटवर जोर देऊन सोडून बघितली: सीट एकदा वर आली आणि थांबली, झुलत राहिली नाही. शॉकअपमधलं तेल अजून धरून आहे याची ती खूण. झुलत राहिली असती तर पायऱ्या कितीही फिरवून उपयोग नव्हता, शॉकअपच बदलावे लागले असते.

उणिवाही सांगते. बिल मिळत नाही, चिठ्ठी मिळते. फोन उचलत नाहीत, सकाळी नऊला जाऊन नंबर लावावा लागतो, आणि माझा नंबर दुसऱ्या दिवशी लागला. राजूरहून येऊन परत जाणाऱ्याला हे सोपं नाही. बसायला एक बाकडं, तेही उन्हात. बाईमाणसाला तीन-चार तास थांबायचं तर आजूबाजूला सोय नाही, मी ओळखीच्या औषध दुकानात जाऊन बसले. हे मी चाचांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण जागा भाड्याची आहे.

आणि एक गोष्ट त्यांनी आधी सांगायला हवी होती. गाडी खाली आली की साइड स्टँडवर ती आधीपेक्षा सरळ उभी राहते. तिसऱ्याच दिवशी शेंडीला एका गोठ्याच्या उतरत्या अंगणात गाडी स्टँडवरून कलंडली. सुदैवाने कॅन माझ्या हातात होता. पुढच्या वेळी चाचांना दाखवलं, त्यांनी चूक लगेच मान्य केली. स्टँड कापून आखूड करायला त्यांनी नकार दिला, कारण पायरी ४ वर गेल्यावर गाडी उलट जास्त झुकेल. तेव्हापासून मी उतारावर डबल स्टँडच लावते.

आता दोन महिने झाले, त्यातले पाच आठवडे भर पावसाचे. गाडी पहिल्या दिवशीच वेगळी वाटली, पण मी लगेच लिहायचं टाळलं. रतनवाडीच्या रस्त्यावर जिथे मी पहिल्या गिअरमध्ये, पाय सोडून जायचे तिथे आता दुसऱ्या गिअरमध्ये, पाय वर ठेवून जाते. खडीवरच्या वळणात पुढचं चाक काय करतंय ते हाताला कळतं. थांबल्यावर डावा पाय पूर्ण टेकतो. माझ्या उंचीच्या बाईला यातून किती धीर येतो, ते उंच माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. कॅन पेटीवर आपटल्याचा जो ठण्ण आवाज प्रत्येक खड्ड्याला यायचा तो आता दिवसातून एखाद्या वेळी येतो. एकदा घाईत पायरी १ वरच पेटी लादून निघाले, तेव्हा साम्रदजवळ एका खोल खड्ड्यात मागचा शॉकअप तळाला जाऊन बसला. चिठ्ठीवरचा २ हा आकडा तिथे पटला. त्यानंतर पायरी बदलायचा कंटाळा केलेला नाही, तीन-चार मिनिटांचं काम आहे. फक्त रिंग आधी पाण्याने धुवायची. चिखलासकट फिरवली तर पायऱ्यांच्या कडा झिजतात.

गाडी विकत घेताना रंग, मायलेज, हप्ता सगळं विचारतात. ती चालवणार कोण, चालवणाऱ्या माणसाचं वजन किती, मागे काय बांधणार, हे विचारून शॉकअप लावून देणं पाच मिनिटांत होण्यासारखं आहे. आमच्या खात्यातल्या, आरोग्य खात्यातल्या, बँकांच्या किती जणी रोज असे रस्ते तुडवतात. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या गाडीवरची ती रिंग कधी फिरलेली नसेल.

सोबतच्या दोघींना घेऊन पुढच्या महिन्यात पुन्हा संगमनेरला जाणार आहे. एकीचं वजन ४४ आहे आणि तिची गाडी माझ्यापेक्षा मोठी. दुसरी रोज मुलाला पुढे आणि सासूबाईंना मागे घेऊन दवाखान्यात येते. दोघींनाही सांगून ठेवलं आहे, गमबूट घालूनच या.